शेंगी घरी आली आणि तिला आमचं घर फारच शांत वाटलं

पिल्लू आणायचं ठरलं की लोक पहिलं दुकानात पळतात. पट्टा, मऊ गादी, स्टीलची भांडी, हाडाच्या आकाराचं खेळणं, अंगावर घालायचं स्वेटर सुद्धा. आमच्या लेकीनं पण यादी केली होती आणि त्यातलं थोडंफार आणलं पण, पण शेंगीनं त्या गादीकडं ढुंकूनही बघितलं नाही. तिला जे पाहिजे होतं ते माझ्या कारखान्यात पोत्यांनी पडलेलं होतं आणि फुकट होतं.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाऊंट बघते. अकाऊंट म्हणजे बिलं, हजेरी, पगार, चहावाल्याचा हिशोब, सगळंच आलं. आमच्याकडं मागच्या बाजूला वेस्टेजची खोली आहे, तुटलेलं सूत, टॉवेलच्या कापलेल्या कडा, डाग पडलेला माल असं सगळं तिथं पोत्यात भरून ठेवतात. गेटवर असणारी कुत्री तिथंच व्याली, दिवाळीनंतर थोड्या दिवसांनी. कुत्र्यांचं भाद्रपदात काय चालतं ते आपल्याकडं सांगायची गरज नाही, तिथनं पुढं साधारण ६३ दिवस धरा, म्हणजे कार्तिकात गल्लोगल्ली पिल्लंच पिल्लं का दिसतात ते कळतं. तर ही पिल्लं चिंध्यांच्या ढिगात जन्मली, भिंतीच्या पलीकडं माग, दोन्ही पाळ्यांत खटखट खटखट चालू. त्यातलं एक शेंगाच्या टरफलाच्या रंगाचं, तेवढंच माझ्या मागं मागं ऑफिसपर्यंत यायचं आणि खुर्चीखाली येऊन झोपायचं. ती शेंगी.

वॉचमन रोज म्हणायचा, मॅडम आत्ताच न्या, डोळे उघडलेत, आता लळा लागतोय, मोठं झाल्यावर लागत नाही. बाकीची पिल्लं लोकांनी तशीच नेली, महिन्याची पण झाली नव्हती. मला हे अजिबात पटत नाही. पिल्लू कमीत कमी ८ आठवडे आईजवळ राहायला पाहिजे, आणि ते फक्त दुधासाठी नाही. भावंडांशी दंगा करताना एकानं जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळणं बंद करतं, त्यातनं त्याला कळतं की दात किती लावायचे. ते शिक्षण आईजवळ झालं नाही तर मग तुमच्या हातावर आणि पोरांच्या पोटऱ्यांवर होतं. आणि लळ्याचं म्हणाल तर दोन महिन्यांच्या पिल्लाला पण लागतो आणि दोन वर्षांच्या कुत्र्याला पण लागतो. मी थांबले. तेवढ्यात घरच्यांना पटवायला वेळ मिळाला हा वेगळा फायदा.

घरच्यांना म्हणजे सासूबाईंना. त्यांचं माहेर मंगळवेढ्याकडचं, शेतात कायम कुत्री असायची, त्यामुळं कुत्र्याला भीत नाहीत की किळस करत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की कुत्र्याची जागा दारात. घरात देवघर आहे, इष्टलिंगाची पूजा असते, तिथं कुत्रं फिरायचं नाही. आमच्या घरात अंडंही चालत नाही, मग ते खाणार काय हा दुसरा प्रश्न. त्यांच्या मते दूध-भाकरी कुस्करून घालायची, आमच्या गावाकडं सगळी त्यावरच वाढली. आता गावाकडची कुत्री दूध-भाकरीशिवाय दिवसभर रानात काय काय खायची ते कोण बघत होतं? डॉक्टर म्हणाले की गायी-म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात, त्यापेक्षा थोडं दही चालेल, आणि पॅकेटमधलं पिल्लांचं खाणं वजन बघून दिवसातनं तीन-चार वेळा द्या. त्या पॅकेटवर कोंबडीचं चित्र आहे. सासूबाई चष्मा लावून पंचांग वाचतात, डबीवरची एक्स्पायरी वाचतात, पण त्या पॅकेटकडं चष्मा न लावता बघतात आणि त्याला बिस्किटं म्हणतात. मी पण बिस्किटंच म्हणते. देवघराचं दार मात्र बंद, त्यात तडजोड नाही, आणि मला ते बरोबरच वाटतं.

आणायच्या दिवशी सकाळपासून तिला काही खायला दिलं नाही. लहान पिल्लांना गाडी लागते, पोट भरलेलं असलं की रिक्षातच सगळं बाहेर. कारखान्यात कांडी, म्हणजे मागाला लागणारी सुताची रिळं, भरणाऱ्या एक मावशी आहेत, त्याच या पिल्लांना डब्यातला भात घालायच्या, त्यांनी एक चिंध्यांचं गाठोडं करून कुत्रीच्या अंगाखाली आदल्या दिवशीच सरकवून ठेवलं होतं. म्हणाल्या हे घेऊन जा, वास राहतो. मी एवढे व्हिडिओ बघितले होते इंग्लिशमधले, त्यात पण हेच सांगतात, आईच्या वासाचं फडकं बरोबर न्या म्हणून, पण मावशींनी कुठला व्हिडिओ बघितलेला नाही. टॉवेलच्या रिकाम्या खोक्यात ते गाठोडं आणि त्यावर शेंगी, रिक्षा शांती चौकापर्यंत आली तोवर नुसती थरथरत होती, सात रस्त्याला एकदा लाळ गळाली, विजापूर रोडला लागलो तेव्हा झोपली होती.

दिवस बरा गेला. वास घेत घेत सगळं घर फिरली, लेकीच्या दप्तराशी दोन मिनिटं भांडली, पाणी पिली, सोफ्याखाली जाऊन बसली. आम्ही लेकीला आधीच दम दिला होता की मैत्रिणींना बोलवायचं नाही, उचलून उचलून घ्यायचं नाही, ती येईल तेव्हा हात लावायचा. शेजारचे दोघं-तिघं तरी डोकावून गेलेच.

रात्री खरा कार्यक्रम. लाईट बंद केली, दार लावलं, आणि हिनं जो सूर लावला! आधी कुंई कुंई, मग हुंदके दिल्यासारखं, मग मान वर करून रीतसर हेल. सासूबाई आतनं म्हणाल्या, रडू दे, दोन रात्रीत गप होतंय. मला ते जमणारं नव्हतं. आईपासून आणि भावंडांपासून पहिल्यांदाच लांब आलेलं पिल्लू, त्याला एकटं कोंडून घातलं तर ते शिकतं एवढंच की ओरडून कुणी येत नाही. खोकं आमच्या पलंगाला लावून ठेवलं, हात खाली सोडून ठेवला. जरा गप. हात काढला की परत चालू. नवरा उठून बसला, म्हणाला, "का रडलालंय गं ते? इथं तर काहीच आवाज नाही, किती शांत आहे!"

त्याच्या तोंडातनं हे आलं आणि मला लक्षात आलं. शांत आहे म्हणूनच तर.

जन्मल्यापासून तिनं शांतता ऐकलेलीच नव्हती. रात्रपाळीला माग चालू असतात, ती खटखट हीच तिची रात्र. मी आमच्या जॉबर काकांना, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या काकांना, व्हॉट्सॲप केलं, रात्रपाळीला होते, म्हणलं काका मागाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. त्यांना वाटलं कुठला माग बिघडलाय आणि मला घरी बसून कळलंय. पाठवला त्यांनी, बराच मोठा. मोबाईल खोक्याशेजारी ठेवून बारीक आवाजात लावला. शेंगीचे कान हलले, मान खाली गेली, चिंध्यांत नाक खुपसलं आणि झोप. तिच्या पाठोपाठ नवरा पण झोपला, घोरायला लागला. त्याचं लहानपण अशोक चौकाकडं गेलं, भिंतीला भिंत लागून माग होते. राहिले मी, खटखट ऐकत, मला रात्रभर वाटत होतं की मी ओव्हरटाईम करतेय.

पुढं डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले, पण म्हणाले बरोबर आहे. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की तिथनं साधारण तेरा-चौदा आठवड्यांपर्यंत जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या डोक्यात नेहमीचं म्हणून बसतं. त्या काळात ज्याची ओळख झाली नाही त्याची पुढं भीती वाटू शकते. मग मोठी झालेली कुत्री छत्री बघून पळतात, टोपीवाल्या माणसावर भुंकतात, त्याचं मूळ बऱ्याच वेळा इथंच असतं. आमच्या शेंगीचे मागाचे मार्क पैकीच्या पैकी. मिक्सर लावला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, वरच्या मजल्यावर ड्रिल चाललं, ही ढिम्म.

गड्ड्याची, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या संक्रांतीतल्या जत्रेची, तर मला फार धास्ती होती. तिला आणलं ते नेमकं जत्रेच्या तोंडावर. भोगीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता, आम्ही सगळे जाऊन आलो, सासूबाईंनी शेंगीसाठी पण कपाळाला लावायला भस्म आणलं, दारातच लावलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी होम मैदानावर दारूकाम असतं, लांबून का होईना धडामधुडूम ऐकू येतंच. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, मी तिच्याजवळ बसून राहिले. बाई उताणी झोपलेल्या, चारी पाय वर.

आणि मग ती भ्याली कशाला? नळाला. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकराला सांगायला नको. मध्ये इतके दिवस जातात की पाणी यायच्या आधी पाईपातली हवा बाहेर पडते, नळ आधी फुसफुसतो, मग गुरगुरतो, मग दोन-तीन वेळा थुंकल्यासारखं करतो आणि मग धार. हे सगळं पहाटे. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा शेंगी जी ओरडत पळाली ती सरळ आमच्या पांघरुणात. आता पळत नाही, आता नळासमोर उभी राहून भुंकते. आवाज आमच्या कानाला लागायच्या आधी तिला कळतं. शेजारच्या काकूंनी मला सांगितलं की आता त्या अलार्म लावतच नाहीत, कुत्रं भुंकलं की उठून बॅरल लावतात. भीती पूर्ण गेलीय असं नाही, म्हणून मी आता पाणी आलं की नळाजवळ तिच्यासाठी दोन दाणे टाकते, जरा लांबून, हळूहळू जवळ. फरक पडतोय.

भाषेचा वेगळाच गोंधळ. मावशी तेलुगू, त्या "रा रा" म्हणून बोलवायच्या, त्यामुळं हिला तेवढंच कळायचं. आम्ही ये ये करून थकलो. सासूबाई कन्नडमध्ये "बा बा" करतात, लेक इंग्लिश मीडियमची, तिचं "कम शेंगी कम". चार माणसं चार बाजूंनी चार शब्द. शेवटी ठरलं, बोलवायचं तर सगळ्यांनी "रा" म्हणायचं. सासूबाई ऐकत नाहीत, पण त्यांच्या हातात भाकरी असते त्यामुळं शेंगीला तिथं शब्दाची गरजच पडत नाही. भाकरीवरनं आठवलं, शेंगाचटणी लावलेली भाकरी कुत्र्याला अजिबात द्यायची नाही. शेंगाचं काही नाही, पण आपल्या चटणीत लसूण किती असतो! लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्यांच्या रक्ताला वाईट. तसंच चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे. इकडं द्राक्षाचा आणि बेदाण्याचा हंगाम असला की वाटीच्या वाटी टीपॉयवर पडलेल्या असतात म्हणून मुद्दाम सांगते.

डॉक्टरांकडं दुसऱ्याच दिवशी नेलं. पहिलं इंजेक्शन ६ ते ८ आठवड्यांचं असताना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजचं तीन महिन्यांचं झालं की. जंताचं औषध त्याच्या आधीपासूनच, सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी. हे सगळं त्यांनी एका कार्डावर लिहून दिलं आणि म्हणाले की तोपर्यंत हिला खाली रस्त्यावर सोडायचं नाही, पार्वो फार वाईट. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि लहान पिल्लू बघता बघता जातं. तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आपल्या चपलेला लागून घरात येतो. मी म्हणलं रोज फिनेल मारते की, तर म्हणाले फिनेलनं तो मरत नाही, साधं ब्लीच घ्या, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, थोडा वेळ ओलं राहू द्या, मग पुसा. तेव्हापासून आमच्या चपला जिन्यात.

आता बघा पेच. एकीकडं म्हणतात चौदा आठवड्यांच्या आत सगळं जग दाखवा, दुसरीकडं म्हणतात जमिनीवर पाय ठेवू देऊ नका. यावर उपाय म्हणजे काखोटीला मारून फिरणं. संध्याकाळी मी तिला घेऊन विजापूर रोडच्या कडेला उभी राहायचे, बस, ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, बँडवाले, शाळा सुटलेली पोरं, सगळं तिला कडेवरनं दाखवलं. ओळखीचे लोक बघून हसायचे. हसू दे.

रेबीजबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण आपल्याकडं लोक फार गाफील असतात, "पिल्लू आहे, दुधाचे दात आहेत, काय होतंय" म्हणतात. पिल्लाकडून पण रेबीज होऊ शकतो. रस्त्यावरच्या, लस न झालेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं किंवा ओरखडा उठला तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची असलं काही लावत बसायचं नाही.

शी-शूचं शिकवणं माझ्या अंदाजापेक्षा सोपं गेलं. झोपून उठली की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच उचलून मागच्या मोरीत पेपरवर ठेवायचं, केली की तिथल्या तिथं शाबासकी. जेवढ्या महिन्यांचं पिल्लू तेवढे तास, फार तर एखादा जास्त, एवढंच ते धरू शकतं, त्यामुळं रात्री एकदा उठावं लागतंच. नवरा आणि मी पाळ्या लावल्या होत्या. घरात कुठं केली तर नाक घासणं, फटका मारणं हे आमच्यात बंद, त्यातनं कुत्रं फक्त लपून करायला शिकतं. त्रास झाला तो पाण्याचा. पाणी जपून वापरायच्या दिवसांत रोज तीन-चार वेळा फरशी पुसायची म्हणजे काय ते ज्यांच्याकडं बॅरल आहेत त्यांना विचारा. तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी आधी झाडांना जायचं, आता बादलीत साठवून मोरी धुवायला जातं, झाडं रुसलीत.

गल्लीत सगळे विचारतात, कुठली ब्रीड? नवरा सांगतो, सोलापुरी जेकार्ड, चादरीच्या विणीचं नाव. एकजण म्हणाले त्यापेक्षा हस्की घ्यायची, काय डोळे असतात! अहो, सोलापूरचा एप्रिल-मे, ४३-४४ डिग्री, तिथं बर्फातलं केसाळ कुत्रं आणून दिवसरात्र एसीत कोंडायचं? जातीचंच पाहिजे असेल तर विजापूरच्या पलीकडं मुधोळ आहे, तिथली कुत्री कधीपासनं या उन्हातच पळतात, २००५ साली पोस्टानं त्यांचं तिकीट सुद्धा काढलं होतं. पण त्यांना पळायला रान लागतं, आमच्या दोन खोल्या आणि जिना बघून त्यांनीच नकार दिला असता.

आता चार महिने झालेत, दुधाचे दात पडायला लागलेत. परवा लेकीला चटईवर एक सापडला, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, तिनं कंपासपेटीत ठेवलाय. हिरड्या शिवशिवतात म्हणून समोर येईल ते चावणं चालू आहे. चपला सुटल्या, त्या जिन्यात असतात. टॉवेल मात्र नाही सुटत, ते पण नेमके चांगल्या मालातले, एक्सपोर्टचे. जन्मापासूनची सवय. चावायला मी तिला सासूबाईंनी वाळवून ठेवलेली कडक भाकरी देते, बिनमिठाची, तिचे तुकडे आणि चुरा सगळ्या घरभर, पण टॉवेल वाचतो. ऊन पण वाढलंय, दुपारची ती मोरीतल्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडलेली असते.

राहिली तिची आई. ती अजून गेटवरच आहे, परत भाद्रपद यायच्या आत तिचं ऑपरेशन करून घ्यायचंय, मालकांशी बोलून झालंय, खर्च कारखाना देतो म्हणालेत, डॉक्टर पण तयार आहेत. अडचण एवढीच की ती हाताला लागत नाही, रिक्षाचा आवाज आला की मागच्या भिंतीवरनं पसार. जॉबर काका म्हणाले जाळी लावू, वॉचमन म्हणाला खोलीत कोंडू. मावशी कांडी भरता भरता ऐकत होत्या, म्हणल्या, काही नको, माझ्या मागनं ती कुठंही येती, मीच बसते तिला घेऊन रिक्षात, फक्त त्या दिवशीची माझी हजेरी तेवढी लावा.